१७६६३१९०४९ : मोठी संख्या वहीत उलगडण्याची रीत

चाळीसगाव तालुक्यातील पाटण येथे देवीच्या दर्शनाला जाणाऱ्यांपैकी बहुतेकांना तेथील शिलालेखाची माहिती असते. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांचे अध्ययन व्हावे म्हणून मठ स्थापन केला, असे इ. स. १२०७ मधील तो लेख सांगतो. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १८६५ मध्ये तो अभ्यासकांच्या नजरेस आणला. मात्र त्या मठात नेमके काय शिकवले जात असेल, याचा एखादा नमुना आपण स्वतः वहीत उतरवून पाहावा, असे फार थोड्यांच्या मनात येते. हा लेख त्या थोड्यांसाठी आहे. भास्कराचार्यांच्या ‘बीजगणित’ या ग्रंथात आलेली १७६६३१९०४९ ही एकच संख्या घेऊन तिचे गुणधर्म कसे काढावेत, ते येथे पायरीपायरीने मांडले आहे. शालेय भागाकार आणि वर्गमूळ येत असेल, तर एवढ्या तयारीवर काम भागते. सोबत चौकटींची वही, पेन्सिल आणि दुकानदार वापरतात तसला बारा अंकी कॅल्क्युलेटर असावा.

ही संख्या आली कोठून, हे आधी सांगणे आवश्यक आहे, कारण पुढे त्याचा उपयोग होणार आहे. ग्रंथातला प्रश्न असा : कोणत्या संख्येच्या वर्गाला ६१ ने गुणून त्यात १ मिळवला असता पुन्हा पूर्ण वर्गच मिळतो? प्रश्न दीड ओळीचा आहे आणि त्याचे सर्वांत लहान उत्तरसुद्धा २२६१५३९८० आणि १७६६३१९०४९ असे अवाढव्य निघते. पहिल्याला कनिष्ठ मूळ आणि दुसऱ्याला ज्येष्ठ मूळ म्हणतात. ‘बीजगणित’ हा ‘सिद्धांतशिरोमणी’चा भाग असून त्याचा काळ ११५० चा आहे. त्यानंतर पाचशेहून अधिक वर्षांनी, १६५७ मध्ये, फ्रान्समधील फर्मा या गणितज्ञाने तेथील विद्वानांना हेच ६१ चे कोडे घातले. आपला विषय यातील ज्येष्ठ मूळ हा आहे.

पायरी पहिली : संख्या वाचणे आणि उतरवून घेणे

उजवीकडून आधी तीन आणि मग दोन-दोन अंक तोडत गेल्यास १,७६,६३,१९,०४९ असे दिसते. वाचायचे ते असे : एक अब्ज शहात्तर कोटी त्रेसष्ट लाख एकोणीस हजार एकोणपन्नास. ‘लीलावती’त दिलेल्या स्थानांच्या नावांतही अब्ज हे एकम् पासूनचे दहावे स्थान आहे, त्यामुळे नाव जुने आणि हिशेब आजचा असे दोन्ही येथे जुळते. संख्या भ्रमणध्वनी क्रमांकाएवढ्याच लांबीची आहे, पण १ ने सुरू होत असल्याने आपल्याकडे तो कोणाचा क्रमांक असू शकत नाही. तिच्या आकाराचा अंदाज यावा म्हणून असे समजा की, सेकंदाला एक याप्रमाणे कोणी न थांबता मोजायला बसले, तर मोजणी संपायला सुमारे ५६ वर्षे लागतील.

उतरवून घेताना प्रत्येक अंक स्वतंत्र चौकटीत लिहावा. ही सूचना बाळबोध वाटेल, परंतु ती मी स्वानुभवाने देत आहे, आणि तो अनुभव पुढच्याच पायरीत येतो.

पायरी दुसरी : नऊ आणि अकरा यांची कसोटी

अंकांची बेरीज करा : १+७+६+६+३+१+९+०+४+९ = ४६. पुन्हा बेरीज १०, आणि पुन्हा १. म्हणजे संख्येला ९ ने भागल्यास बाकी १ उरते. त्यामुळे ती ३ ने वा ९ ने विभाज्य नाही.

आता अकराची कसोटी. उजवीकडून सुरुवात करून एक अंक मिळवायचा, पुढचा वजा करायचा :

९ − ४ + ० − ९ + १ − ३ + ६ − ६ + ७ − १ = ०

उत्तर शून्य आले, म्हणून संख्येला ११ ने नि:शेष भाग जातो. पहिला अवयव एवढ्या सहज हाती लागणे हे नशीब आहे; दर वेळी तसे होत नाही.

या कसोटीचा दुसराही उपयोग आहे आणि मला तो अधिक मोलाचा वाटतो. पहिल्यांदा ही संख्या मी वहीत घेतली तेव्हा ‘९०’ ऐवजी ‘०९’ असे, म्हणजे १७६६३१०९४९, लिहून बसलो होतो. नऊची कसोटी लावली तर बाकी १ च आली, कारण अंक तेच होते, फक्त जागा बदलल्या होत्या. त्या भरवशावर मी एक अख्खी संध्याकाळ ११ ने भाग जाईना म्हणून झुंजत राहिलो. शेजारचे दोन भिन्न अंक उलटसुलट झाले असता नऊची कसोटी ती चूक कधीच पकडत नाही आणि अकराची कसोटी ती हमखास पकडते. वरच्या चुकीच्या संख्येची अकराची बेरीज शून्याऐवजी १८ येते. तेव्हा नक्कल तपासताना दोन्ही कसोट्या लावाव्यात, एकीवर थांबू नये.

पायरी तिसरी : सात आणि तेरा

येथे फार वेळ घालवण्याची गरज नाही. ७ × ११ × १३ = १००१ असल्यामुळे तीन-तीन अंकांचे गट पाडून उजवीकडून आळीपाळीने बेरीज-वजाबाकी केली की तिन्ही संख्यांची तपासणी एकदम होते : ४९ − ३१९ + ७६६ − १ = ४९५. ४९५ ला ७ ने भागता बाकी ५, १३ ने भागता बाकी १, आणि ११ ने भाग पूर्ण जातो. म्हणजे ७ आणि १३ बाद झाले व अकराची खातरजमा दुसऱ्यांदा झाली. शेवटचा अंक ९ असल्याने २ आणि ५ यांचा प्रश्नच येत नाही.

पायरी चौथी : ही संख्या पूर्ण वर्ग आहे का?

नवख्या माणसाला येथे फसवणारी गोष्ट आहे. शेवटचे दोन अंक ४९ आहेत, जे ७ च्या वर्गाचे आहेत. ८ ने भागल्यास बाकी १ उरते, जशी प्रत्येक विषम वर्गाची उरते. ९ ने भागल्यास १ उरते, तेही वर्गाला चालते. तीन खुणा जुळल्या म्हणून संख्या वर्ग असावी असे वाटू लागते. प्रत्यक्षात ४२०२७ चा वर्ग १७६६२६८७२९ आणि ४२०२८ चा वर्ग १७६६३५२७८४ आहे. आपली संख्या त्या दोहोंच्या मध्ये पडते, म्हणून ती वर्ग नाही. वर्गमूळ न काढताही हे कळते : ११ ने भागल्यावर १६०५७४४५९ येते आणि तिला पुन्हा अकराची कसोटी लावली तर बेरीज १ येते. पूर्ण वर्गात प्रत्येक मूळ अवयव जोडीने येतो आणि येथे अकरा एकटाच आहे. अशा खुणा ‘नाही’ म्हणायला पुरतात, ‘आहे’ म्हणायला पुरत नाहीत.

पायरी पाचवी : शेजारच्या संख्या पाहणे

ही पायरी पुस्तकी पद्धतीत सहसा नसते, पण माझ्या मते सर्वांत फलदायी हीच आहे. कोणतीही मोठी संख्या समोर आली की तिच्या एक मागची आणि एक पुढची संख्या उघडून पाहावी.

१७६६३१९०४८ ची निमपट ८८३१५९५२४ होते आणि तिचे वर्गमूळ काढले तर ते बरोबर २९७१८ येते. म्हणजे मागची संख्या २ × २९७१८² आहे. पुढची संख्या १७६६३१९०५० हिला १२२ ने भागल्यास १४४७८०२५ येते, आणि हा ३८०५ चा वर्ग आहे. १२२ म्हणजे ६१ ची दुप्पट, हे लक्षात घ्यावे. दोन्ही शेजारी इतके रेखीव आणि मधली संख्या मात्र ओबडधोबड, असे चित्र दिसते. ते योगायोगाचे नाही. ज्येष्ठ मुळाच्या वर्गातून १ वजा केल्यास जे उरते ते या दोन शेजाऱ्यांच्या गुणाकाराइतके असते, आणि प्रश्नाच्या अटीप्रमाणे ते कनिष्ठाच्या वर्गाच्या ६१ पट असलेच पाहिजे. २ × २९७१८ × ३८०५ करून पाहा. २२६१५३९८० हे कनिष्ठ मूळ तुमच्या वहीत आपोआप येईल.

यातून हाती लागलेली गोष्ट अशी की, आपली संख्या एका वर्गाची दुप्पट अधिक एक, या साच्याची आहे. या साच्याच्या संख्यांचा एक ठरलेला नियम आहे : त्यांचा प्रत्येक मूळ अवयव ८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ३ च उरते. सिद्धता येथे देत नाही, पण लहान उदाहरणांवर पडताळा अवश्य घ्यावा. १ पासून ८ पर्यंतच्या वर्गांची दुप्पट करून १ मिळवला तर ३, ९, १९, ३३, ५१, ७३, ९९, १२९ या संख्या मिळतात. त्यांचे मूळ अवयव ३, ११, १७, १९, ४३, ७३ एवढेच आहेत. ५, ७, १३ यांचा कोठे मागमूस नाही.

पायरी सहावी : भागाकार

नुसत्या धडपडीने अवयव शोधायचे म्हटले, तर ४२०२७ पर्यंतच्या सर्व मूळ संख्यांनी भागून पाहावे लागेल आणि त्या चार हजारांहून अधिक आहेत. वरचा नियम लावला की सुरुवातीची यादी आटोपशीर होते : ३, ११, १७, १९, ४१, ४३, ५९. यातील ३ बाद झाला आणि ११ मिळाला. १६०५७४४५९ ला १७ ने भागता बाकी ७, १९ ने भागता ६, ४१ ने भागता ९, आणि ४३ ने भागता ३२ उरते. आता ५९.

हा भागाकार कॅल्क्युलेटरवर न करता कागदावर करावा. १६० मध्ये ५९ दोनदा, उरले ४२. ५ खाली घेतला, ४२५ मध्ये सातदा, उरले १२. ७ खाली घेतला, १२७ मध्ये दोनदा, उरले ९. ४ खाली घेतला, ९४ मध्ये एकदा, उरले ३५. पुढचा ४ खाली घेतला, ३५४ मध्ये बरोबर सहादा, उरले शून्य. आता ५ खाली घेतल्यावर ५९ चा भाग जात नाही, म्हणून भागाकारात शून्य मांडलेच पाहिजे. त्यानंतर ९ घेतल्यावर ५९ मध्ये एकदा, आणि बाकी शून्य. भागाकार २७२१६०१. मधले शून्य विसरून २७२१६१ लिहिणारे विद्यार्थी दर वर्गात असतात. भागाकार सात अंकी यायला हवा हे आधी ठरवून ठेवले, तर ही चूक जागेवरच उघडी पडते.

आतापर्यंतची स्थिती अशी : १७६६३१९०४९ = ११ × ५९ × २७२१६०१.

पायरी सातवी : दोन वर्गांमधील फरक

२७२१६०१ चे वर्गमूळ १६४९ आणि १६५० यांच्या मध्ये आहे. तेथपर्यंतच्या मूळ संख्या अडीचशेच्या वर आहेत. नियमाने त्या निम्म्यावर आल्या तरी काम कंटाळवाणेच. म्हणून फर्माच्या नावाने ओळखली जाणारी दुसरी वाट धरावी. संख्या जर दोन वर्गांचा फरक म्हणून मांडता आली, तर तिचे अवयव आपोआप पडतात, कारण दोन वर्गांचा फरक म्हणजे त्या दोन मुळांच्या बेरजेचा आणि वजाबाकीचा गुणाकार.

१६५० पासून सुरुवात करा. १६५०² − २७२१६०१ = ८९९. अवघ्या एकाने ९०० हुकले! येथे जीव हळहळतो, पण पुढे जावे. पुढच्या प्रत्येक वर्गासाठी पूर्ण गुणाकार करण्याची गरज नसते. आधीच्या उत्तरात अनुक्रमे ३३०१, ३३०३, ३३०५, ३३०७, ३३०९ मिळवत गेले की पुरते. मग ४२००, ७५०३, १०८०८, १४११५ आणि १७४२४ असे आकडे येतात. ३ वा ८ हा शेवटचा अंक कोणत्याही वर्गाला नसतो, ५ ने संपणारा वर्ग नेहमी २५ ने संपतो, आणि ४२०० मधील दोन शून्ये काढली तर उरलेले ४२ वर्ग नाही. म्हणून मधले चारही आकडे नुसत्या नजरेने बाद होतात. १७४२४ मात्र १३२ चा वर्ग आहे. म्हणजे :

२७२१६०१ = १६५५² − १३२² = (१६५५ − १३२) × (१६५५ + १३२) = १५२३ × १७८७

अवघ्या सहा प्रयत्नांत काम झाले. दोन अवयव एकमेकांच्या जवळ असले की ही रीत झटपट चालते. ते लांब असले तर मात्र ती दमवते, हेही सांगून ठेवतो.

१५२३ आणि १७८७ मूळ आहेत का, हा प्रश्न राहिला. यांपैकी एखादी संख्या फोडता आली असती, तर तिचा एक मूळ अवयव ४२ किंवा त्याहून लहान निघाला असता. तो आपल्या मोठ्या संख्येचाही अवयव ठरला असता, म्हणून ८ च्या नियमात बसला असता. तेवढ्या टापूत ३, ११, १७, १९, ४१ हेच उमेदवार आहेत आणि सहाव्या पायरीपर्यंत ते सर्व तपासून झाले आहेत. तेव्हा वेगळी परीक्षा न घेता दोन्ही संख्या मूळ ठरतात आणि अंतिम मांडणी अशी होते :

१७६६३१९०४९ = ११ × ५९ × १५२३ × १७८७

पायरी आठवी : अवयवांवरून निघणारे गुणधर्म

चार भिन्न मूळ अवयव, प्रत्येक एकदाच. कोणताही विभाजक बनवताना प्रत्येक अवयव घ्यायचा किंवा सोडायचा, म्हणून विभाजक २ × २ × २ × २ = १६. त्या सर्वांची बेरीज (११+१) × (५९+१) × (१५२३+१) × (१७८७+१), म्हणजे १,९६,१९,३६,६४० येते. त्यातून खुद्द संख्या वगळली की १९,५६,१७,५९१ उरतात, म्हणजे संख्येचा जेमतेम नववा हिस्सा. विभाजकांची बेरीज संख्येइतकी भरणाऱ्या ६ किंवा २८ यांच्या पंगतीला ती बसत नाही. संख्येहून लहान आणि तिच्याशी एकही सामाईक अवयव नसलेल्या संख्या १० × ५८ × १५२२ × १७८६ = १,५७,६६,०९,३६० आहेत.

आणखी एक गुणधर्म मला विशेष वाटतो. चारही मूळ अवयवांना ४ ने भागल्यास बाकी ३ उरते. असा मूळ अवयव विषम वेळा येत असेल, तर ती संख्या दोन पूर्ण वर्गांची बेरीज म्हणून कधीच लिहिता येत नाही. तीन वर्गांची बेरीज मात्र तिच्या साच्यातच लिहिलेली आहे : २९७१८² + २९७१८² + १².

पायरी नववी : मूळ प्रश्नाचा पडताळा

कनिष्ठाच्या वर्गाला ६१ ने गुणून १ मिळवल्यास ज्येष्ठाचा वर्ग येतो का, हे एकदा तरी स्वतः पाहावे. ज्येष्ठाचा वर्ग ३११९८८२९८२८६०२६४४०१ असा एकोणीस अंकी आहे आणि बारा अंकी कॅल्क्युलेटरवर तो मावत नाही. एक्सेलमध्ये हा गुणाकार करणाऱ्यांनी तर अधिक सावध राहावे, कारण तेथे पंधरा अंकांपुढचे अंक गळून शून्ये भरली जातात आणि ३११९८८२९८२८६०२६०००० असे उत्तर बिनदिक्कत समोर येते. त्यापेक्षा संख्येचे १७६६ × १० लक्ष आणि ३१९०४९ असे दोन तुकडे करून, पहिल्याचा वर्ग, दोहोंच्या गुणाकाराची दुप्पट आणि दुसऱ्याचा वर्ग असे तीन भाग स्थानांप्रमाणे एकाखाली एक मांडून बेरीज करावी. चौकटींची वही येथे खरी कामास येते.

भास्कराचार्यांकडे यापैकी कोणतेही यंत्र नव्हते. त्यांची रीत चक्रवाल या नावाने प्रसिद्ध आहे आणि तिचा मार्ग थोडक्यात असा मांडता येतो :

८² = ६१ × १² + ३
३९² = ६१ × ५² − ४
१५२३² = ६१ × १९५² + ४
२९७१८² = ६१ × ३८०५² − १
१७६६३१९०४९² = ६१ × २२६१५३९८०² + १

पहिल्या ओळीतून दुसरी चक्रवालाने मिळते आणि पुढच्या ओळी ब्रह्मगुप्ताच्या भावनेने, म्हणजे दोन ओळींचा विशिष्ट प्रकारे गुणाकार करून. प्रत्येक ओळ स्वतंत्रपणे तपासता येते. तिसऱ्या ओळीतील १५२३ कडे पाहावे. सातव्या पायरीत सहा प्रयत्नांनी मिळवलेला अवयव तो हाच. ३९² + २ = १५२३, आणि १५२३ चा वर्ग २३१९५२९, त्यातून ३ वजा करून निमपट केली की ११५९७६३, म्हणजेच ११ × ५९ × १७८७. पाचव्या पायरीत भेटलेला २९७१८ चौथ्या ओळीत उभा आहे. जी संख्या आपण फोडत होतो तिचे सांधे ती घडताना कोठे पडले, ते या पाच ओळींत दिसतात.

सरावासाठी त्याच ग्रंथातील जोडीचे उदाहरण घ्यावे. त्यात ६१ च्या जागी ६७ आहे, कनिष्ठ मूळ ५९६७ आणि ज्येष्ठ मूळ ४८८४२ आहे. आधी शेजारी पाहा : ४८८४१ हा २२१ चा वर्ग आहे. वर्ग अधिक एक या साच्याच्या संख्येचे विषम मूळ अवयव ४ ने भागल्यावर बाकी १ ठेवणारेच असतात. २ बाजूला काढल्यावर उरलेल्या २४४२१ साठी ५, १३, १७, २९, ३७ असे करत १४९ पर्यंतच्या अशा मूळ संख्यांनी भागून पाहा, आणि एकानेही भाग गेला नाही तर त्यावरून काय निष्कर्ष निघतो ते वहीत लिहा.